वाचकांचे प्रश्न : पॅरिसचा नाटककार यूजेन स्क्रीब

राज्य हौशी नाट्य स्पर्धेची तयारी सुरू झाली की या सदराकडे नाटकाविषयीची पत्रे येऊ लागतात. या वेळी सोलापुरातून आलेली बहुतेक पत्रे एकाच फ्रेंच नाटककाराविषयी आहेत. शहरातील एका लेखन कार्यशाळेत त्याचे नाव निघाले, एवढेच त्यामागचे कारण दिसते. यूजेन स्क्रीबविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नसल्यामुळे या अंकातील जागा त्याच्यासाठीच ठेवली आहे.

प्रश्न : कार्यशाळेतील मार्गदर्शकांनी ‘नाटकाची रचना शिकायची असेल तर स्क्रीब अभ्यासा’ असे सांगितले आणि त्याला व्होदव्हीलवाला म्हटले. हा स्क्रीब कोण होता आणि व्होदव्हील हे कोणत्या तऱ्हेचे नाटक? (एक हौशी रंगकर्मी, साखर पेठ)

उत्तर : स्क्रीबचा जन्म २४ डिसेंबर १७९१ रोजी पॅरिसमधील सँ-दनी रस्त्यावर झाला. वडिलांचे रेशमी कापडाचे दुकान होते आणि त्यावर काळ्या मांजराची पाटी होती. अशा घरातील मुलाने गिऱ्हाईक कसे ओळखावे हे कोणाकडून शिकावे लागत नाही, हे चाटी गल्लीतील वाचकांना वेगळे सांगायला नको. वडील लवकर गेले, पुढे आईही गेली, आणि पालकांनी त्याला वकिलीच्या अभ्यासाला लावले. पण त्याचे पाय कचेरीपेक्षा नाट्यगृहाकडेच अधिक वळत. १८११ मध्ये शाळासोबती जेर्मँ देलाव्हीन्य याच्याबरोबर लिहिलेले त्याचे नाटक सपशेल पडले. त्यानंतरची काही वर्षेही अशीच अपयशात गेली. १८१५ मध्ये देलेस्त्र-प्वार्सों याच्यासह लिहिलेले, राष्ट्रीय रक्षक दलाच्या पहाऱ्यावरील एका रात्रीचे नाटक मात्र चालले, आणि तेथून त्याचा जम बसला.

व्होदव्हील समजून घ्यायचे तर सरकारी परवान्याची गोष्ट सांगावी लागते. नेपोलियनने १८०७ मध्ये पॅरिसमधील नाट्यगृहांची संख्या आठवर आणली आणि कोणी कोणत्या प्रकारचे नाटक करायचे हेही ठरवून दिले. शोकांतिका आणि अभिजात सुखात्मिका एका घराकडे, संगीतिका दुसऱ्याकडे, अशी ती वाटणी होती. व्होदव्हील नाट्यगृहाच्या वाट्याला आली ती लहान, हलकीफुलकी, गद्य संवादांची नाटके, ज्यांत मधूनमधून लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या चालींवर रचलेली कडवी म्हटली जात. नव्या संगीताची चैन या घराला परवडणारी नव्हती आणि तिची मुभाही नव्हती. त्यामुळे छापील संहितेत प्रत्येक कडव्याच्या डोक्यावर ते कोणत्या चालीवर म्हणायचे हे दिलेले असे, आणि लेखकांच्या सोयीसाठी अशा चालींना क्रमांक देऊन तयार केलेला एक जाडजूड संग्रहही १८११ मध्ये निघाला होता. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या वर ‘चाल’ म्हणून एखाद्या लावणीची किंवा परिचित पदाची पहिली ओळ छापलेली असते. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना हे फ्रेंच पान परके वाटणार नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० चे असल्यामुळे काळाचे अंतर मोठे आहे, आणि पॅरिसच्या कडव्यांना आपल्या पदांइतकी गाण्याची मातब्बरी कधीच नव्हती. बहुतेक कडवी म्हणजे चालीवर बसवलेली कोटी किंवा टोमणा असे.

डिसेंबर १८२० मध्ये प्वार्सों याच्या संचालकत्वाखाली जिमनाझ नावाचे नवे नाट्यगृह उघडले आणि त्याने स्क्रीबशी करार केला. संगीत-नाट्य विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना रंगमंचाचा सराव मिळावा या निमित्ताने या घराला परवाना मिळाला होता, आणि नवे नाटक एकाच अंकाचे असावे अशी त्यात अट होती. ही अट स्क्रीबच्या पथ्यावर पडली असे माझे मत आहे. एका अंकात गुंता उभा करायचा, वाढवायचा आणि सोडवायचा, शिवाय मध्ये कडव्यांना जागा ठेवायची, म्हणजे एकही प्रवेश फुकट घालवून चालत नाही. दहा वर्षांत त्याने या एका घरासाठी शंभराहून अधिक नाटके दिली. त्यांतील पात्रे म्हणजे रुबाबदार कर्नल, तरुण विधवा, पेढीवाले, वकील आणि लग्नाला आलेल्या मुली. त्यांच्यापुढचा प्रश्न बहुधा एकच असे : प्रेम पाहावे की हुंडा पाहावा? समोर बसलेला सुखवस्तू मध्यमवर्ग घरी जाऊन हाच हिशोब मांडत होता.

प्रश्न : एका माणसाने चारशेच्या वर नाटके लिहिली हे खरे मानावे काय? की इतरांकडून लिहवून घेऊन तो आपले नाव लावत असे? (एक निवृत्त शिक्षिका, रेल्वे लाईन्स)

उत्तर : आकडा खरा आहे, पण ‘एका माणसाने’ हे शब्द काढून टाकावे लागतील. स्क्रीबची बहुतांश नाटके दोघांची किंवा तिघांची आहेत. व्होदव्हीलच्या धंद्यात ही रीतच होती. कोणी कथेचे बीज आणी, कोणी संवाद लिही, कोणाचा हात कडव्यांत चाले, आणि जाहिरातीवर सर्वांची नावे पडत. त्यामुळे लपूनछपून लिहवून घेतल्याचा आरोप त्याच्यावर टिकत नाही. उलट नाटकांचा पहिला संग्रह काढताना त्याने तो आपल्या सहलेखकांनाच अर्पण केला.

त्याचा स्वतःचा वाटा कोणता, याचे उत्तर त्याचा सहलेखक एर्नेस्त लेगूव्हे याने आठवणींत दिले आहे. लेगूव्हेच्या म्हणण्याप्रमाणे स्क्रीबचे खरे कसब प्रवेशांना क्रमांक देण्यात होते. कथा ऐकता ऐकताच तो कोणता प्रवेश आधी, कोणता नंतर आणि कोणता मुळीच नको हे ठरवीत असे, आणि हा क्रम लागला की लेखन त्याला उरलेले काम वाटे. संवादाच्या बाबतीत मात्र त्याचे टीकाकार चुकीचे नव्हते. तेओफील गोतिए या कवीने त्याच्या शैलीची रेवडी उडवली, आणि आज ती वाक्ये वाचताना त्यांत रंग कमी आणि निरोप्याचे काम जास्त आहे हे जाणवतेच.

लेगूव्हेबरोबर लिहिलेल्या ‘आद्रिएन लकूव्हर’ची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. अठराव्या शतकातील एका अभिनेत्रीवरचे हे नाटक राशेल या त्या काळच्या सर्वांत मोठ्या नटीसाठी बेतले होते, पण तिने ते आधी नाकारले. पुढे लेगूव्हेने स्वतः तिच्यापुढे वाचन केले तेव्हा तिचे मत फिरले, आणि एप्रिल १८४९ मध्ये ते तिनेच रंगमंचावर आणले. नंतर सारा बर्नार्टनेही ती भूमिका केली.

प्रश्न : आमच्याकडे एकांकिका लिहिणाऱ्याला शाल आणि श्रीफळ मिळते. स्क्रीब नाटकांवर श्रीमंत झाला असे वाचले, ते कसे? (एक एकांकिका लेखक, जुळे सोलापूर)

उत्तर : शाल त्यालाही मिळाली असती तर त्याने ती विकली असती, असे त्याच्या स्वभावावरून वाटते! नाटक ठोक रकमेला विकून मोकळे होण्याऐवजी प्रयोगाच्या गल्ल्यावर ठराविक टक्के घ्यायचे, हा त्याचा आग्रह होता. नाटक चालेल तितके दिवस लेखकाच्या हाती पैसा येत राहावा, ही त्यामागची साधी दृष्टी होती. लेखकांना एकत्र करून नाट्यगृहांच्या चालकांशी बोलणी करण्याचा प्रयत्न अठराव्या शतकात फ्रेंच नाटककार बोमार्शे याने केला होता. १८२९ मध्ये नाटककार आणि संगीतकारांची जी संघटना उभी राहिली तिच्यामागील प्रमुख व्यक्तींत स्क्रीब होता. ती संघटना आजही पॅरिसमध्ये लेखकांच्या वतीने मानधन गोळा करते. माझ्या लेखी त्याच्या कोणत्याही एका नाटकापेक्षा हे काम मोठे आहे.

संगीतिकांनी या मिळकतीत मोठी भर घातली. ओबेर, मायरबेर आणि आलेव्ही या संगीतकारांना त्याने संहिता दिल्या. ओबेरने संगीत दिलेल्या ‘पोर्तिचीची मुकी’ (१८२८) या संगीतिकेच्या ब्रसेल्समधील २५ ऑगस्ट १८३० च्या प्रयोगानंतर प्रेक्षक रस्त्यावर उतरले, आणि बेल्जियमच्या स्वातंत्र्याच्या उठावाची सुरुवात त्या रात्रीपासून मानली जाते. स्क्रीबसारख्या सावध माणसाच्या हातून क्रांतीला निमित्त मिळावे, ही गंमतच म्हणायची. मिळालेल्या पैशातून त्याने सेरीकूर येथे वाडा घेतला आणि त्यावर दोन ओळी कोरल्या. त्यांचा आशय असा की हा गावाकडचा निवारा रंगभूमीने दिला आहे. वाटसरू, तुझे आभार, कारण कदाचित तुझेही देणे मला लागत असेल.

प्रश्न : ‘सुघटित नाटक’ म्हणजे काय, हे त्याच्या एखाद्या नाटकावरून समजावून सांगाल काय? आमच्या गटात यावर बराच वाद झाला. (एक नाट्यप्रेमी, सात रस्ता)

उत्तर : सुघटित नाटक म्हणजे घट्ट बांधणीचे, प्रत्येक घडामोडीचे कारण आधीच पेरून ठेवणारे नाटक; स्क्रीबचे नाव याच रचनेशी जोडले जाते. उदाहरणासाठी नोव्हेंबर १८४० मध्ये कॉमेदी-फ्रान्सेझ या प्रतिष्ठित रंगमंचावर आलेले ‘पाण्याचा पेला’ घ्यावे. व्होदव्हीलमध्ये तयार झालेला हात पाच अंकांत कसा चालतो ते त्यात स्वच्छ दिसते. स्थळ इंग्लंडच्या ॲन राणीचा दरबार. युद्ध चालू ठेवू पाहणारी डचेस ऑफ मार्लबरो एका बाजूला, तह करू पाहणारा बोलिंगब्रोक दुसऱ्या बाजूला, आणि मॅशम नावाच्या देखण्या तरुण अधिकाऱ्यावर राणी व डचेस दोघींचाही जीव. तो मात्र तिसरीच मुलगी मनात धरून बसलेला. मॅशमला एका थोर स्त्रीने गुप्त भेटीस बोलावले आहे, आणि समारंभात तिने पाण्याचा पेला मागणे हीच त्या भेटीची खूण आहे, एवढे बोलिंगब्रोक डचेसच्या कानावर घालतो. ती स्त्री कोण हे सांगत नाही. प्रेक्षकांना ते ठाऊक आहे. भर दरबारात राणी पाणी मागते. डचेसला क्षणात उमगते, तिचा हात कापतो, आणि पेला राणीच्या पोशाखावर सांडतो. वरवर पाहता हा साधा अपघात आहे, पण राणी चिडते, डचेसचे आसन डळमळते आणि तहाची वाट मोकळी होते.

आता यात स्क्रीबने काय केले ते पाहा. गुपित प्रेक्षकांना आधीच देऊन टाकले, पात्रांत मात्र ते थोडे थोडे वाटले. पेल्याची खूण इतक्या आधी पेरली की पाणी मागण्याचे साधे वाक्य येताच सभागृह सावरून बसते. ज्या प्रवेशाची सगळे वाट पाहत आहेत तो प्रवेश त्याने टाळला नाही, आणि पुढच्या प्रत्येक घडामोडीला मागच्या अंकात कारण ठेवले. मोठ्या घटनांची कारणे क्षुल्लक असतात, हा विचार बोलिंगब्रोक पहिल्याच अंकात बोलून दाखवतो. आपल्याला मंत्रिपद नाचता येत होते म्हणून मिळाले आणि सर्दी झाल्यामुळे गेले, असे तो सांगतो. इतिहासाचा अभ्यासक यावर हसेल, पण रंगमंचावर या विचाराइतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही, कारण तो कोणत्याही हातरुमालाला, चिठ्ठीला किंवा पेल्याला राजकारणाचे वजन देतो.

आपल्या गटातील वाद बहुधा या रचनेत माणूस हरवतो का, यावर झाला असावा. तो हरवतो, हे मला मान्य आहे. डचेसच्या मनात पेला सांडण्यापूर्वी काय चालले होते हे जाणून घेण्यासाठी स्क्रीब थांबत नाही. त्याला स्वतःला याची खंत नव्हती. १८३४ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवड झाल्यानंतर, जानेवारी १८३६ मधील प्रवेशाच्या भाषणात त्याने स्पष्टच सांगितले की लोक नाट्यगृहात शिकायला किंवा सुधारायला जात नाहीत, करमणुकीला जातात; त्यामुळे एखाद्या काळाचा समाज शोधायचा असेल तर तो सुखात्मिकेत शोधण्यापेक्षा त्या काळच्या गाण्यांत शोधावा. स्वागतपर उत्तर देणाऱ्या व्हिलमँ यांनी हे मत तेथल्या तेथे खोडून काढले. तथापि नॉर्वेतील बर्गेनच्या नाट्यगृहात उमेदवारी करताना पुढे मोठा नाटककार झालेल्या तरुण इब्सेनच्या हाताखालून स्क्रीबची अनेक नाटके गेली, आणि ‘बाहुलीचे घर’ या त्याच्या नाटकातील टपालपेटीत पडलेले पत्र हे त्याच कारागिरीचे आहे. फरक एवढाच की इब्सेनने पत्र उघडल्यानंतर पडदा पाडण्याची घाई केली नाही. त्याने नवरा-बायकोला समोरासमोर बसवले.

प्रश्न : त्याची एखादी एकांकिका रूपांतरित करून स्पर्धेत करायची झाल्यास परवानगी कोणाची घ्यावी? (तेच हौशी रंगकर्मी, साखर पेठ)

उत्तर : स्क्रीब २० फेब्रुवारी १८६१ रोजी पॅरिसमध्ये आपल्या घोडागाडीतच अकस्मात वारला. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून मूळ फ्रेंच संहितेसाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. मात्र आपण इंग्रजी अनुवादावरून रूपांतर करणार असाल तर त्या अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो; अनुवाद अलीकडचा असल्यास प्रकाशकाला लिहून परवानगी घ्यावी. सहलेखकाचे नाव मूळ पुस्तकात असेल तर ते आपल्या जाहिरातीवरही द्यावे. कडव्यांच्या जागी परिचित मराठी चाली घेणार असाल तर चित्रपटगीतांऐवजी जुन्या लोकचाली घ्याव्यात, म्हणजे तेथेही हक्काचा प्रश्न उभा राहणार नाही. रूपांतराची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावीच लागेल, आणि स्पर्धेच्या दिवसांत तेथे गर्दी होत असल्यामुळे तालमी सुरू करण्याआधीच ती पाठवलेली बरी.