संगणक-सल्ला : जुन्या फाँटमधले मराठी आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम

प्रश्न : नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात मी न्यायालयीन कागदपत्रांचे मराठी-इंग्रजी टंकलेखन आणि थोडेफार डीटीपी करते. दुकानातील दोन्ही संगणक इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचे असून त्यांवर विंडोज १० आहे. त्यांवर विंडोज ११ चालणार नाही, तेव्हा नवे संगणक घ्या, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. अभियांत्रिकीला शिकणारा माझा भाचा विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून देतो म्हणतो. माझा बहुतेक जुना मजकूर कृतिदेव या जुन्या मराठी फाँटमध्ये आणि लग्नपत्रिकांची कामे कोरलड्रॉ या चित्रमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मी काय करावे? (एक वाचिका, नागपूर)

उत्तर : विक्रेता सांगतो ती अट खरी आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचेच मान्य केले आहेत आणि विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. मात्र तुमचे संगणक त्या दिवशी निकामी झाले, असा याचा अर्थ होत नाही. टंकलेखनासाठी सहाव्या पिढीचा प्रोसेसर आजही पुरेसा आहे, आणि त्यात जुनी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (अधिक वेगवान साठवण) बसवल्याने जो फरक पडेल, तो पाहून नवा संगणक घेण्याचा विचार तुम्ही काही वर्षे तरी पुढे ढकलाल. भाच्याचा सल्लाही योग्य आहे; पण लिनक्स टाकण्याआधी एक काम करावे लागेल, आणि ते लिनक्स टाकण्यापेक्षा कितीतरी मोठे आहे.

कृतिदेवमध्ये लिहिलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. पडद्यावर ‘क’ दिसतो तेव्हा फाइलमध्ये इंग्रजी ‘डी’ साठवलेला असतो आणि फाँट त्याला ‘क’चे रूप देतो. फाँट काढला की वकिलांचे सगळे अर्ज इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग होऊन बसतात. त्या फाइलींमध्ये एखाद्या पक्षकाराचे नाव देवनागरीत शोधताही येत नाही. युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या जागतिक पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे तो मजकूर विंडोज, लिनक्स, मोबाइल अशा कोठेही मराठीच राहतो. आपले लेखन एका फाँटच्या कृपेवर ठेवण्याची सवय महाराष्ट्रातील छापखान्यांनी आणि कार्यालयांनी फार काळ जपली, आणि यंत्र बदलण्याची वेळ आली की तिची किंमत तुमच्यासारख्या व्यावसायिकांना मोजावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम कोणतीही निवडा, जुना मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा.

रूपांतर करणारी साधने इंटरनेटवर मोफत मिळतात. परंतु पक्षकारांची गोपनीय कागदपत्रे अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका, इंटरनेटशिवाय चालणारे साधन वापरा. रूपांतरानंतरच्या चुका बहुधा ठरावीक जागी होतात. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलट आहे. त्यामुळे ‘स्थिती’, ‘व्यक्तिगत’, ‘निर्णय’, ‘कार्यवाही’ यांसारखे शब्द आणि ‘ऱ्या’ असलेली रूपे डोळ्यांखालून घातल्याशिवाय प्रत पुढे देऊ नका. आकडे तर मूळ प्रतीशी एकेक करून ताडून पाहावेत, कारण न्यायालयीन कागदात तारीख किंवा गट क्रमांक चुकणे परवडणारे नसते. सगळा संग्रह एकाच वेळी बदलण्याची गरज नाही; चालू प्रकरणे आणि नेहमी लागणारे नमुने आधी घ्या, बाकीच्यांच्या पीडीएफ प्रती करून ठेवा. नव्या फाइलींची भाषा ‘मराठी’ अशी निश्चित करा, म्हणजे ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतील.

आता बोटांच्या सवयीचा प्रश्न. लिनक्समध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळपाट (कीबोर्डवरील अक्षरांची मांडणी) आयताच मिळतो. तुमचा हात टाइपरायटरच्या जुन्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेला असेल, तर आपल्या वेगाने पानभर मजकूर टंकून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका. ज्यांची कमाई पानांवर मोजली जाते, त्यांच्यासाठी मंदावलेला वेग हा खरा खर्च आहे.

लिनक्सवरच्या लिबरऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये वर्डच्या फाइली उघडतात, पण फाँट आणि ओळींमधील अंतर थोडे जरी बदलले तरी पाने सरकतात आणि अर्जाच्या अनुक्रमणिकेतील पृष्ठक्रमांक चुकतात. अंतिम प्रत ज्या संगणकावर तयार केली, तिथूनच तिची पीडीएफ काढावी. कोरलड्रॉ लिनक्सवर थेट चालत नाही. इंकस्केप हा चांगला आणि मोफत पर्याय असून त्यात युनिकोड मराठी नीट उमटते. मात्र जुन्या कोरल फाइली त्यात जशाच्या तशा उघडतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

तुमच्याकडे दोन संगणक आहेत, त्याचा फायदा घ्या. एकावर लिनक्सचा मिंट हा प्रकार बसवा. त्याची मांडणी विंडोज वापरणाऱ्याला लवकर ओळखीची वाटते. दुसरा पत्रिकांच्या कामासाठी विंडोजवरच ठेवा आणि मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत त्याची नोंदणी करा. व्यक्तिगत वापराच्या संगणकांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, व्यावसायिक वापरासाठीच्या अटी वेगळ्या असल्याने त्या आधी वाचाव्यात. बसवण्यापूर्वी मिंट पेन ड्राइव्हवरून सुरू करून पाहता येते, त्याने हार्ड डिस्कवरील काहीही बदलत नाही. त्याच अवस्थेत तुमचा प्रिंटर आणि स्कॅनर चालतो का, ते तपासा. काही लेझर प्रिंटर लिनक्सवर त्रास देतात. प्रत्यक्ष बसवताना सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतलेली असावी आणि संगणक यूपीएसवर असावा. डिस्कची विभागणी चालू असताना वीज गेल्यास मजकूर गमावण्याचा धोका असतो, आणि मे-जूनच्या वादळात नागपुरात दिवे कसे जातात, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. संगणकावर बातम्या, ईमेल, मुलीशी व्हिडिओ कॉल आणि बँकेचे व्यवहार एवढेच करतो. मी लिनक्स घ्यावे का? (एक वाचक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : अवश्य घ्यावे. आपली ही सर्व कामे ब्राउझरमध्ये होतात आणि फायरफॉक्स किंवा क्रोम विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे सारखेच चालते. फक्त निवृत्तिवेतनाचे डिजिटल जीवन प्रमाणपत्र आपण घरी बोटांच्या ठशाच्या यंत्रावर काढत असाल, तर ते यंत्र लिनक्सवर चालेल असे धरून चालू नका. त्यासाठी मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीने प्रमाणपत्र काढण्याची सोय आहे, ती नोव्हेंबर महिन्यापूर्वी एकदा समजून घ्यावी.