डीफ्रॅग केल्यानं हार्ड डिस्कचं नेमकं काय होतं? जागा वाढते का?

नाही, जागा वाढत नाही. फाइलीही उडत नाहीत. वावर चार शिवारांत विखुरलेलं असलं की पाठीवर पंप घेऊन फवारणीपेक्षा पायपीटच जास्त होते. डिस्कचं तसंच. फाइलीचे तुकडे जिथे रिकामं सापडेल तिथे पडतात, मग मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीवर माहिती वाचणाऱ्या हेडला प्रत्येक तुकड्यासाठी सरकावं लागतं. डीफ्रॅग ते तुकडे सलग मांडतं.

आमच्या गावच्या सेवा केंद्रात पीकविम्याचे फोटो रोज टाकून-काढून जुना संगणक नुसता घरघरायचा. रात्रभर डीफ्रॅग लावलं, सकाळी फोल्डर पटापट उघडू लागले. विजेच्या लाइनीचा भरवसा नसेल तर आधी बॅकअप घ्याच. एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, असेल तर मात्र करू नका. तिथे हेडच नसतं, उगाच झीज होते.