शेवटचे दोन मिलिग्रॅम

प्रश्न : ताई, माझा जिवलग मित्र मणक्याच्या ऑपरेशननंतर दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेला. आधी तो डॉक्टर बदलत राहिला, मग बाहेरून गोळ्या मिळवू लागला. एकदा त्याने एका झटक्यात सगळं बंद केलं, तेव्हा मी जवळ होतो. चौथ्या दिवशी तो परत गोळ्यांकडे वळला. त्यानंतर व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांनी बुप्रेनॉर्फिन हे तलफ आटोक्यात ठेवणारं औषध सुरू केलं. ८ मिलिग्रॅमवर वर्षभर तो उत्तम राहिला, कामावर रुजू झाला. मग स्वतःहून डोस कमी करायला घेतला. ८ वरून २ पर्यंत फारसं काही जाणवलं नाही. २ वरून १ वर आल्यापासून मात्र झोप उडाली आहे, पाय वळवळतात, चिडचिड होते. डॉक्टर म्हणतात, काही दिवस परत २ वर जा. मला वाटतं, एवढं उतरलोच आहोत तर उरलेलंही एकदाचं सोडावं. शेवटी हेही व्यसनच ना? गोळ्या माझ्या कपाटात असतात, रोज मीच काढून देतो. मी त्याला हिंमत कशी देऊ?
— एक मित्र

उत्तर : त्याला २ वर जाऊ द्या. हिंमतीचं नंतर बघू.

८ वरून ६ वर येताना तो डोसचा पाव हिस्सा सोडत होता. २ वरून १ वर येताना त्याने निम्मा सोडला. कागदावर २ चा आकडा ६ पेक्षा लहान दिसतो, पण मेंदूचा हिशोब निराळा असतो. बुप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरवर, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामकं जिथे काम करतात त्या जागांवर, जाऊन बसतं आणि सहजासहजी उठत नाही. १६ मिलिग्रॅमला साधारण ८० टक्के रिसेप्टर व्यापले जातात, तर नुसत्या २ मिलिग्रॅमला ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वरचे डोस उतरवताना जागा थोड्याथोड्या रिकाम्या होतात आणि तळाशी आलं की धडाधड. सगळं सुरळीत चाललेलं असताना नेमके शेवटचे एक-दोन मिलिग्रॅम माणसाला रडवतात, ते यामुळे. तुमच्या मित्राची इच्छाशक्ती काही १ मिलिग्रॅमपाशी येऊन संपलेली नाही.

त्यामुळे या टप्प्यावर उतरण्या लहान हव्यात आणि दोन उतरण्यांमध्ये अंतर जास्त हवं. २ नंतर थेट १ न करता मधल्या पायऱ्या घेता येतात. त्या कोणत्या ताकदीच्या गोळीने घ्यायच्या, हे डॉक्टर ठरवतील. घरी ब्लेडने गोळीचे तुकडे करत बसू नका. परत २ वर जाऊन महिनाभर थांबणं हा टेपरचा, म्हणजे डोस हळूहळू उतरवण्याचाच भाग असतो. आणखी एक लक्षात ठेवा. हे औषध शरीरातून सावकाश जातं, म्हणून शेवटच्या गोळीनंतर पहिले एक-दोन दिवस बरे जातात. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो आणि काही आठवडे रेंगाळू शकतो. ‘बघ, सोडलं आणि काहीच झालं नाही’ असं तुम्ही दुसऱ्या दिवशी म्हणाल आणि पाचव्या दिवशी फसाल.

आता ‘हेही व्यसनच ना?’ हा प्रश्न मला नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकायला मिळतो की वॉर्डाच्या दारावर उत्तर लिहून ठेवावं असं वाटतं. शरीराला या गोळीची सवय झाली आहे, हे खरं. पण तुमच्याच पत्रातलं ते वर्ष पाहा. तो कामावर जात होता, गोळ्यांसाठी कोणाच्या मागे धावत नव्हता, खोटं बोलत नव्हता. ठरलेल्या वेळी ठरलेला डोस, त्याने नशा चढत नाही, तलफ आटोक्यात राहते. बुप्रेनॉर्फिनचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही, ही त्याची जमेची बाजू. जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन हे याच उपचारातलं दुसरं औषध आणि बुप्रेनॉर्फिन २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली ती उगाच नव्हे. काही जण ही गोळी वर्षानुवर्षं घेतात आणि ठणठणीत जगतात. त्याला उतरायचं असेल तर उतरू दे, पण ते त्याच्या वेळापत्रकाने. आणि स्पष्टच लिहिते, राग मानू नका : तुमच्या पत्रात घाई तुमची दिसते, त्याची नाही.

झटक्यात सोडताना काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. कमी वेळ टिकणाऱ्या ओपिऑइडचा डोस चुकला की आठ-बारा तासांत जांभया येऊ लागतात. मग डोळ्यांतून पाणी, नाक गळणं, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, उलट्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कहर होतो. इतके दिवस ओपिऑइडने दाबून ठेवलेली मेंदूतली नॉरअॅड्रेनालिनची म्हणजे शरीराला सावध ठेवणारी यंत्रणा मोकाट सुटते, त्याचा हा परिणाम. आताचा त्रास त्याहून सौम्य आहे, पण जात एकच.

रात्रीचं सांगते. माझी बहुतेक नोकरी नाइट ड्यूटीत गेली. पहाटे तीनच्या सुमाराला एक पेशंट कॉरिडॉरमध्ये भिंतीला हात लावत फेऱ्या घालत होता. पायांची वळवळ इतकी की पाठ टेकवत नव्हती. त्याचा मित्र खुर्चीवर बसून दर पाच मिनिटांनी विचारायचा, ‘आता कसं वाटतंय?’ आणि दर वेळी तो आणखी भडकायचा. शेवटी मित्र कंटाळून उठला आणि गप्पपणे त्याच्याबरोबर चालू लागला. थोड्या वेळाने दोघं कुठल्याशा जुन्या मॅचवर हुज्जत घालत होते. पाय वळवळतच होते, पण त्यांच्याकडे लक्ष द्यायला कोणी रिकामं नव्हतं. तुम्हीही तेच करा. चौकशी दिवसातून एकदा पुरे. बाकी वेळ त्याच्याशी पूर्वी जसे वागत होता तसे वागा. कोमट पाण्याने अंघोळ, पोटऱ्या दाबून देणं, दिवसा थोडं चालणं यांनी रात्र जरा सुसह्य होते. पाणी भरपूर प्यायला द्या. मात्र झोपेची गोळी तुमच्या मनाने देऊ नका आणि ‘आजच्या दिवस’ म्हणून दारूही नको. ओपिऑइडबरोबर ही दोन्ही श्वास मंदावतात. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्याही बेतानेच. लोपरामाइड अतिप्रमाणात हृदयाचे ठोके बिघडवतं. झोप, जुलाब, घाम या सगळ्यांवर डॉक्टरांकडे वेगळे इलाज आहेत, ते मागून घ्या.

कपाटाचं काय? त्याने स्वतः सांगितलं असेल की गोळ्या तुझ्याकडे ठेव, तर ठेवा, त्यात गैर काही नाही. घरात मुलं असतील तर कुलूप हवंच, एक गोळीही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. पण तो निर्णय तुम्ही परस्पर घेतला असेल तर आज त्याला विचारा. आणि काही झालं तरी डोस रोखून धरायचा नाही. भांडण झालं म्हणून नाही, ‘आज जरा जमवून बघ’ म्हणूनही नाही. मित्र तुरुंगाधिकारी झाला की पेशंट खरं बोलायचं थांबतो, आणि तुम्हाला तर त्याने खरंच बोलायला हवं आहे.

कारण मला सगळ्यांत जास्त भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. डोस कमी होतो तशी शरीराची सहनशक्तीही कमी होते. दोन वर्षांपूर्वी ज्या गोळ्या तो सहज पचवायचा, तेवढ्याच आज घेतल्या तर श्वास थांबू शकतो. उपचार सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणून फार धोक्याचे. टेपर संपल्यावर जो-तो अभिनंदन करून आपापल्या घरी जातो, तेव्हाच कोणीतरी सोबत लागतं. त्याला आधीच सांगून ठेवा : पुन्हा घ्यावीशी वाटली, किंवा घेतलीस, तर मला फोन कर, मी ओरडणार नाही. आणि खरोखर ओरडू नका. पुन्हा घेतली असेल तर बुप्रेनॉर्फिनची पुढची गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. जुनं ओपिऑइड अंगात असताना ती घाईने घेतली तर तीच विथड्रॉवल, म्हणजे औषध तुटल्याचा त्रास, अंगावर आणू शकते.

डॉक्टरांकडून नॅलोक्सोन हे ओपिऑइडचा असर उलटवणारं औषध मागून घ्या आणि ते नाकात कसं मारायचं किंवा टोचायचं, हे शिकून घ्या. शिका तुम्ही, बेशुद्ध माणूस स्वतःला देऊ शकत नाही. हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर बोटांची पेरं रगडूनही जाग येत नाही, श्वास अगदी संथ किंवा घरघरता, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं की रुग्णवाहिका बोलवा आणि नॅलोक्सोन द्या. तोंडाने श्वास द्यायला तुम्हाला जमत असेल तर तोही द्या. श्वास नीट चालू झाला की कुशीवर वळवा. दोन-तीन मिनिटांत फरक नाही तर दुसरा डोस. माणूस उठून बसला तरी हॉस्पिटलला न्यायचंच, कारण नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि अंगातलं ओपिऑइड तेव्हाही शिल्लक असू शकतं.

प्रश्न : माझी मैत्रीण बुप्रेनॉर्फिन घेते. चव कडवट लागते म्हणून कधीकधी पाण्याबरोबर गिळून टाकते आणि मग गोळी लागू पडत नाही म्हणते. शिवाय या गोळीने दात किडतात असं तिने ऐकलंय.
— एक वाचक

उत्तर : गिळली तर लागू पडणार कशी? पोटात गेलेलं बुप्रेनॉर्फिन बरंचसं यकृतातच खर्ची पडतं. ती जिभेखालीच ठेवायची. आधी घोटभर पाण्याने तोंड ओलं करून घ्यावं, मग गोळी पूर्ण विरघळेपर्यंत खाणं-पिणं-बोलणं बंद. पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात तिला फोन करू नका, म्हणजे झालं.

दातांचं तिने ऐकलंय ते खरं आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये तसा इशारा दिला. गोळी विरघळल्यावर एक मोठा घोट पाणी तोंडात हळुवार खेळवून गिळावं आणि ब्रश किमान तासाभराने करावा. औषध चालू आहे हे दातांच्या डॉक्टरांना सांगून नियमित तपासणी करून घ्यावी. दातांच्या भीतीने गोळी मात्र सोडू नये.