शेवटची पेनल्टी मारलेल्या स्टॉपरला

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूरला बारावी कॉमर्सला आहे. सहावीपासून पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळतो, जागा स्टॉपर बॅकची, म्हणजे बचावफळीत मधोमध. यंदा आमची सेमीफायनल टायब्रेकरवर, म्हणजे आळीपाळीने पेनल्टी मारण्यावर गेली. शेवटची पेनल्टी मी मारली आणि गोलकीपरने ती अडवली. दोन महिने झाले तरी पेठेत विषय निघतोच. मी सरावाला जाणं बंद केलंय. माझ्यातला खेळाडू संपला, म्हणून आता कोच व्हावं असं मनात आहे. पप्पा म्हणतात, त्यात पोट भरत नाही, बँकेच्या परीक्षा दे. कोचिंगमध्ये करिअर होतं का? आणि जो मोठा खेळाडू झाला नाही त्याला कोच म्हणून कोण विचारणार?

उत्तर :

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा एकाच शब्दावर अडकले. ‘म्हणून’. खेळाडू संपला म्हणून कोच. तू विचारलेले दोन प्रश्न सोपे आहेत, त्यांची उत्तरं खाली देते. आधी या शब्दाबद्दल बोलू, कारण तो तसाच राहिला तर पुढचा सगळा बेत चुकीच्या पायावर उभा राहील.

तुझ्यासारख्याच एका स्टॉपरची हकीकत सांगते. नाव फारुक हाजिबेगिच, जन्म 1957 चा, गाव सारायेवो. आज ते बोस्नियाच्या राजधानीचं शहर आहे, तेव्हा ते यूगोस्लाव्हियात होतं. आपल्या शहराच्या क्लबकडून तो जवळपास दहा वर्षं खेळला आणि 1985 मध्ये क्लबला देशाच्या लीगचं विजेतेपद मिळालं. तिथून स्पेनमध्ये रेआल बेतिसकडे दोन वर्षं, मग 1987 मध्ये फ्रान्समधल्या सोशो क्लबकडे. सोशो म्हणजे प्यूजो मोटारींच्या कारखान्याचा क्लब, गाव छोटं, आणि संघ नुकताच दुसऱ्या श्रेणीत घसरलेला. एका मोसमात तो पुन्हा वर चढला. त्याच मोसमात फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात मेट्झविरुद्ध सोशो टायब्रेकरवर हरलं. टायब्रेकरची ही पहिली जखम. ती लक्षात ठेव.

आता 1990 चा इटलीतला विश्वचषक. साखळीत कोलंबियाविरुद्ध यूगोस्लाव्हियाला पेनल्टी मिळाली. ती फारुकने मारली आणि गोलकीपर हिगिताने अडवली. सामना जिंकल्यामुळे ती फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. सोळा दिवसांनी, 30 जूनला, फ्लॉरेन्समध्ये उपांत्यपूर्व सामना, समोर मॅराडोनाचा अर्जेंटिना. एकतिसाव्या मिनिटाला यूगोस्लाव्हियाच्या एका खेळाडूला पंचांनी बाहेर काढलं. तेव्हापासून जादा वेळ संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड तास, दहा जणांनी अर्जेंटिनाला गोल करू दिला नाही. त्यातलं बरंचसं काम बचावफळीचं होतं, तुझ्या जागेचं.

मग टायब्रेकर. यूगोस्लाव्हियाच्या स्टॉयकोविचने पहिलीच पेनल्टी आडव्या खांबावर मारली. मॅराडोनाची पेनल्टी अडवली गेली. अर्जेंटिनाच्या आणखी एकाने खांबावर मारली, यूगोस्लाव्हियाच्या आणखी एकाची अडवली गेली. पाचवी आणि शेवटची फारुकची. ती गोलात गेली असती तर टायब्रेकर पुढे चालू राहिला असता. गोलकीपर गोयकोचेआने अडवली. 3-2, आणि यूगोस्लाव्हिया घरी.

मॅराडोनाची चुकली, स्टॉयकोविचची चुकली. नाव मात्र राहिलं शेवटच्या माणसाचं. तुझ्या टायब्रेकरमध्येही तुझ्याआधी कुणाची तरी चुकली असेल कदाचित. त्या मुलाबद्दल पेठेत किती बोललं जातं, हे जरा आठवून बघ.

फारुकच्या वाट्याला त्याहून अवघड गोष्ट आली. वर्ष-दोन वर्षांत त्याचा देशच फुटला. 1992 च्या एप्रिलपासून सारायेवोला वेढा पडला आणि तो जवळपास चार वर्षं उठला नाही. लोक हळहळत म्हणायचे आणि त्यालाही विचारायचे : ती पेनल्टी गेली असती, संघ जिंकत गेला असता, तर कदाचित देश टिकला असता का? एका किकवर एवढं ओझं! देश कसे आणि का फुटतात हे माणसांना ठाऊक असतं, पण दुःखाला एखादी बोट ठेवण्यासारखी जागा लागते, आणि लोकांनी ती पेनल्टी निवडली. तुझ्या पेठेतली माणसंही वाईट नाहीत. हरल्याचं त्यांना लागलंय, आणि बोट ठेवायला तू सापडलास.

ती पेनल्टी मारली तेव्हा फारुक बत्तीस वर्षांचा होता. त्या वयात बचावपटूने बूट टांगले तर कुणी आश्चर्य करत नाही. पण सोशोकडून तो आणखी चार वर्षं खेळला, 1992 पर्यंत राष्ट्रीय संघातही होता, शेवटचा मोसम तुलूझकडे काढला, आणि नंतर प्रशिक्षक झाला. पेनल्टी आणि कोचिंग यांच्यामध्ये पाच मोसमांचं खेळणं आहे. तो कोच झाला तेव्हा त्याच्या हातात पुरा झालेला खेळ होता. तू ‘म्हणून’ लिहिलंस तिथे त्याने ‘नंतर’ लिहिलं, एवढाच फरक.

आता कोचिंगचा धंदा कसा असतो ते त्याच्याच वाटेवरून बघ, कारण ही वाट चकचकीत नाही आणि तुला ती खरी दिसायला हवी. सुरुवात सोशोलाच, जिथे माणसं ओळखीची होती. 1998 मध्ये त्याचा संघ पहिल्या श्रेणीत परतला. 1999 मध्ये तो बोस्नियाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. 2000 मध्ये रेआल बेतिसने त्याला बोलावलं, पण कधी? गुस हिडिंकसारख्या नावाजलेल्या प्रशिक्षकाला काढल्यावर, मोसम संपत आला असताना. संघ खाली घसरला. पुढची बरीच वर्षं फ्रान्समधले छोटे-मधले क्लब : दिजों, बास्तिया, आर्ल-आविन्यों. हा शेवटचा क्लब पहिल्यांदाच वरच्या श्रेणीत चढला होता आणि मोसम सुरू होऊन महिना-दीड महिना होत नाही तोच प्रशिक्षक बदलला. फारुक आला, संघ तळालाच राहिला. मग वालांसिएन, मग पॅरिसजवळचा रेड स्टार. 2019 मध्ये माँटेनेग्रोचा राष्ट्रीय संघ. 2023 च्या जानेवारीत, पासष्टाव्या वर्षी, पुन्हा बोस्निया. पहिल्या सामन्यात आइसलँडवर 3-0, आणि जूनमध्ये घरच्या मैदानावर लक्झेंबर्गकडून 0-2 हरल्यावर नोकरी गेली. सहा महिनेही झाले नव्हते.

हे तुला घाबरवायला सांगत नाही. पुष्कळदा अडचणीतल्या संघाने त्याला फोन केला, याकडे बघ. ज्या माणसाला लोक एका चुकलेल्या किकसाठी ओळखतात, त्यालाच बुडत्या जहाजावर बोलावलं जातं, कारण दबावाखाली तो उभा राहतो हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मात्र ज्याला पुढच्या वीस वर्षांचा पगार आजच दिसायला हवा, त्याने या वाटेला जाऊ नये. तू तसा आहेस का, हे तूच ठरव. वय सतरा आहे, घाई नाही.

‘मोठा खेळाडू नसलेल्याला कोण विचारतं?’ भारताच्या संघाचे प्रशिक्षक झालेले खालिद जमील बघ. खेळाडू म्हणून दुखापतींनी त्यांची बरीच वर्षं खाल्ली. प्रशिक्षक म्हणून मुंबई एफसीला वर्षानुवर्षं दिली, मग 2017 मध्ये मिझोरमच्या छोट्याशा ऐझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली, आणि 2025 मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. शिवाय तुझी जागा. स्टॉपरला सगळं मैदान समोर दिसतं. ओरडून जागा सांभाळायला लावायची, कोण कुणाला सोडून पळतोय ते बघायचं, आपल्या चुकीचा गोल होतो हे माहीत असताना शांत राहायचं. सहावीपासून तू हेच करतोयस. कोचिंगचा अर्धा पाठ तुला फुकट मिळालाय.

उरलेला अर्धा शिकावा लागतो, आणि त्याला परवाने लागतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा लहान मुलांना शिकवण्याचा ग्रासरूट्सचा छोटा कोर्स असतो. त्यापुढे डी परवाना, मग आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि सगळ्यांत वर प्रो. एकावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. मध्ये प्रत्यक्ष संघाला शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, त्यामुळे वर्षं जातात. अठरा पूर्ण झाली की अटी, तारखा आणि फी महासंघाच्या संकेतस्थळावर स्वतः बघ. मैदानावर कुणी सांगितलं म्हणून पैसे भरू नकोस. या एका गोष्टीत मुलं फसलेली मी पाहिली आहेत.

पदवी सोडायची नाही. फारुकच्या त्या 1990 च्या संघाचे प्रशिक्षक इव्हित्सा ओसिम, तेही सारायेवोचेच, विद्यापीठात गणित शिकलेले होते, आणि पुढे ऑस्ट्रिया, जपानपर्यंत गेले. तुझी बी.कॉम. वाया जाणार नाही. अकादमी चालवणं म्हणजे फी, मैदानाचं भाडं, पालकांचे हिशेब. त्यानंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. केलंस तर शाळेत क्रीडाशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करता येतो. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाची पदविका आहे, तीही नजरेत ठेव.

आता दोन वाक्यं तुझ्या पप्पांसाठी. साहेब, तुमची काळजी खरी आहे. सुरुवातीची चार-पाच वर्षं कोचिंगमध्ये अर्धवेळ कामं आणि वेळेवर न येणारं मानधन असतं, हे मी मुलापासून लपवलेलं नाही. म्हणूनच बी.कॉम. चालू राहू द्या, बँकेची एखादी परीक्षाही देऊ द्या, बँकेत नोकरी करून संध्याकाळी मैदानावर शिकवणारी माणसं आपल्याकडे आहेत. फक्त त्याचं मैदान बंद करू नका. त्या पेनल्टीबद्दल घरात तरी त्याला कुणी बोलू नये, एवढं बघा.

आणि तू. शाहू स्टेडियमवर परत उभं राहायला वेळ लागेल, लागू दे. आधी तालमीतल्या तेरा वर्षांखालच्या मुलांच्या सरावाला जा. त्यांच्या कोचना सांग, सरावाचे प्लॅस्टिकचे कोन मांडतो, चेंडू गोळा करतो, मला एक आठवडा नुसतं बघू द्या. शंभर पानी वही घे. रोज एकच गोष्ट लिही : आज कोणता मुलगा कुठे चुकला आणि कोचने त्याला काय सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात आपल्या संघाच्या सरावालाही जा, स्टॉपरच्याच जागेवर. कप्तानाने विचारलं तर सरळ सांग, पुढच्या टायब्रेकरला पहिल्या पाचात माझं नाव घाल. महिन्याने त्या वहीतलं एक पान फोटो काढून मला पाठव. चुकलेल्या मुलाला काय सांगावं हे तुझं तुला सुचायला लागलंय का, ते मला बघायचंय.