ऑपेराच्या जुन्या एलपीची पहिली छपाई कशी ओळखावी?

युरोपीय शास्त्रीय संगीताच्या आणि ऑपेराच्या जुन्या एलपी विकत घेताना पहिल्या छपाईची प्रत कशी ओळखावी, असे आपण विचारले आहे. कव्हरवर विसंबू नये, हे माझे पहिले सांगणे. तबकडी दिव्याखाली तिरकी धरावी आणि शेवटची खाच व लेबल यांच्यामधली गुळगुळीत पट्टी वाचावी.

इंग्लंडमध्ये छापलेल्या एचएमव्ही आणि कोलंबियाच्या तबकड्यांवर, लेबलचे घड्याळ कल्पिले तर, सहाच्या जागी मॅट्रिक्स क्रमांक (त्या बाजूच्या मूळ कटिंगचा, म्हणजे खाच कोरण्याचा क्रमांक), नऊच्या जागी ‘मदर’चा (ज्यावरून साचे बनतात त्या धातूच्या प्रतीचा) आकडा आणि तीनच्या जागी तबकड्या छापणाऱ्या साच्याची अक्षरे असतात. ही अक्षरे म्हणजे ‘ग्रामोफोन लिमिटेड’वरून बेतलेली सांकेतिक लिपी आहे : जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी म्हणजे 1 ते 9 आणि डी म्हणजे शून्य. नुसता ‘जी’ दिसला तर पहिला साचा, ‘जीए’ दिसले तर तेरावा. डेक्का या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीने याच कामासाठी ‘बकिंगहॅम’ हा शब्द वापरला. तिथे बी म्हणजे 1 आणि शेवटचा एम म्हणजे शून्य. मात्र मॅट्रिक्स क्रमांकाच्या शेवटी 1, म्हणजे पहिले कटिंग, नाही म्हणून प्रत नाकारू नये, कारण पहिले कटिंग नापसंत होऊन दुसरे किंवा तिसरेच बाजारात आल्याची उदाहरणे आहेत.

यानंतर लेबल पाहावे. कोलंबियाच्या ‘एसएएक्स’ या स्टिरिओ मालिकेत निळे-रुपेरी लेबल आधीचे आणि लाल नंतरचे. डेक्काच्या ‘एसएक्सएल’ या स्टिरिओ मालिकेत रुंद रुपेरी पट्टा जुना, अरुंद पट्टा 1970च्या सुमारापासूनचा. आपल्याकडे जुन्या सामानात अनेकदा कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातल्या प्रती मिळतात. त्यांच्यावरचा मॅट्रिक्स क्रमांक इंग्लंडच्या प्रतीसारखाच असू शकतो, म्हणून देशाचे नाव लेबलवरच्या बारीक अक्षरांत शोधावे.

दुर्मीळ आणि उत्तम हे शब्द मी वेगळे ठेवतो. योहाना मार्त्सीने 1950च्या दशकात वाजवलेल्या बाखच्या एकल व्हायोलिन रचनांच्या तीन मोनो तबकड्यांची किंमत आज सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर आहे. उलट, डेक्काचे निर्माते जॉन कलशॉ यांनी 1958 ते 1965 या काळात व्हिएन्नाच्या सोफिएनझालमध्ये ध्वनिमुद्रित केलेले, शोल्टींच्या संचालनाखालचे वाग्नरचे ‘रिंग’ (चार ऑपेरांची मालिका) इतके खपले, की नंतरच्या छपाईचे संच अजूनही सहज मिळतात आणि ऐकायला मुळीच कमी वाटत नाहीत. नवख्या संग्राहकाने तिथूनच सुरुवात करावी, असे मला वाटते.

ऑपेराच्या पेटीतली प्रत्येक तबकडी वेगळी तपासावी. गायिका मारिया कॅलासच्या 1953च्या ‘टोस्का’चा संच मी एकदा पहिल्या छपाईचा समजून घेतला, पेटी जुनी होती, पहिली तबकडीही जुनी होती, पण दुसरी बऱ्याच नंतरच्या छपाईची निघाली आणि लिब्रेटोची (ऑपेराच्या संहितेची) पुस्तिका तर नव्हतीच. विक्रेत्याने फसवले असेल असे नाही. आधीच्या मालकाने फुटक्या तबकडीच्या जागी दुसरी घातली असावी. तेव्हापासून पैसे देण्यापूर्वी मी सर्व बाजूंच्या त्या गुळगुळीत पट्ट्यांची छायाचित्रे मागवतो.