जर्मनीला निघण्याआधी गावात आणखी एक चक्कर मार

तू विचारलंस, आर्वीकडच्या चार गावांत कापूसवाल्यांच्या कर्जाचा सर्व्हे केलाय, ऑक्टोबरात पीएचडीसाठी कीलला निघायचंय, आणि तिथले प्राध्यापक डेटा खुला ठेवायला सांगतायत. द्यावा का, आणि कोणी आपल्याआधी छापलं तर?

दे. पण आधी तुझा संमतीचा कागद काढून बघ. दारव्ह्याकडच्या माझ्या सर्व्हेच्या कागदावर 'माहिती फक्त माझ्या प्रबंधासाठी वापरली जाईल' असं वाक्य होतं, कुठून तरी उतरवलेलं. त्या एका ओळीमुळे तो डेटा मी आजही कोणाला देऊ शकत नाही. परत विचारायला गेले तेव्हा काही म्हातारे गेले होते, काही घरं पुण्याला. याची हळहळ अजून जात नाही. तू गावात आहेस तोवर 'नाव काढून ही माहिती इतर अभ्यासकांना दिली तर चालेल का' हे मराठीत वाचून दाखव आणि सही घे. कोणी नको म्हटलं तर त्याची ओळ खुल्या फाईलमधून काढ.

नुसतं नाव काढून भागत नाही, बरं. गावाचं नाव, बारा एकर, विधवा, घरी ट्रॅक्टर एवढं दिसलं की अख्खं गाव त्या बाईचं नाव सांगेल, आणि सावकाराचं कर्जही उघडं पडेल. युरोपचा डेटा संरक्षण कायदाही हेच धरतो. गावांची नावं काढ, एकर गटांत टाक.

कोणी चोरेल ही भीती मलाही होती. झेनोडो या संशोधनाच्या फाईली ठेवायच्या खुल्या संकेतस्थळावर डेटा ठेवलास तर डीओआय, म्हणजे त्या फाईलची कायमची ओळख सांगणारा क्रमांक मिळतो, त्यामुळे तो तुझा आहे हे नोंदलेलं राहतं, आणि ठरावीक तारखेपर्यंत फाईल बंदही ठेवता येते. वर्किंग पेपरसाठी, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीच्या लेखासाठी, इकॉनस्टोर हा ऑनलाइन संग्रह आहे. ते चालवणारं झेडबीडब्ल्यू हे अर्थशास्त्राचं ग्रंथालय तुझ्या कीलमध्येच आहे, पहिल्या महिन्यातच तिथे जाऊन ये.

हा खटाटोप कशासाठी, तर २०१० साली राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी लिहिलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढ सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येते. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल फाईल मागवली. सरासरीत पाच देशांच्या ओळी सुटलेल्या होत्या. ती आणि इतर काही गोष्टी दुरुस्त केल्यावर आकडा २.२ आला. फाईल मिळाली म्हणून हे कळलं. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची जर्नल्स २०१९ पासून पेपर छापण्याआधी त्यातले आकडे काढणारा संगणकाचा कोड स्वतः चालवून बघतात. म्हणून कोडमध्ये तुझ्या लॅपटॉपवरच्या फोल्डरचा पत्ता ठेवू नकोस, वापरलेल्या सॉफ्टवेअर पॅकेजची आवृत्ती लिही, आणि मूळ फाईलला हात लावू नकोस. जी दुरुस्ती करशील ती कोडमध्येच दिसू दे.

कोणत्या रकान्यात काय आहे हे सांगणारं डेटासोबतचं माहितीपत्रक मात्र इथेच बसून लिही. तुझ्या फाईलमध्ये 'मक्ता', 'बटई' असे रकाने असतील. मक्त्यात जमीन कसायला देताना रक्कम आधी ठरते, बटईत पीक वाटून घेतात. हा फरक कीलमधल्या कोणाला कळणार? दोन वर्षांनी तुलाही आठवणार नाही की 'कर्ज' या रकान्यात कृषी केंद्राची उधारी धरली होती की नाही. २०१७ च्या बोंडअळीच्या हंगामाचं उत्पन्न विचारलं असशील तर तेही वेगळं नोंदव, नाहीतर ते आकडे चुकीचे समजून कोणी गाळून टाकेल.

संमतीचा मसुदा मला पाठव, मी वाचते. आणि वेचणी लागायच्या आत जा. पोळ्याला सगळे घरी सापडतात.