‘स्टार्टिंग कर्नल’ आणि त्यानंतरची शांतता

या वेळच्या टपालात स्वतःच्या हिमतीवर लिनक्सवर चालणारे छोटे उपकरण बनवू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे नेहमीपेक्षा जास्त आहेत आणि बहुतेकांचा सूर वैतागाचा आहे. त्यांपैकी पाच पत्रे निवडून, थोडी संक्षिप्त करून, येथे घेतली आहेत.

प्रश्न : पक्ष्यांचे रात्रीचे आवाज टिपून ठेवणारे, बॅटरीवर चालणारे एक लहान यंत्र मी दोन वर्षांपासून नोकरी सांभाळून एकट्याने तयार करीत आहे. तयार लिनक्स बोर्डाला मायक्रोफोन जोडून केलेला पहिला नमुना आठवड्याभरात चालू झाला होता. नंतर आकार आणि विजेचा खप कमी करण्यासाठी मी स्वतःचा बोर्ड आखला. तेव्हापासून, म्हणजे गेले चार महिने, सिरियल कन्सोलवर (बोर्डाचे निरोप तारेने संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत) ‘स्टार्टिंग कर्नल’ एवढी एकच ओळ उमटते आणि पुढे काहीच होत नाही. बोर्ड तीनदा नव्याने करून घेतला. माझ्याच ज्ञानात काही उणीव आहे का? शोध कोठून सुरू करावा?

उत्तर : तुम्हाला छळणारी ती ओळ कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नसून त्याला सुरू करून देणाऱ्या बूटलोडर या प्रोग्रामची आहे आणि ती दिसते याचा अर्थ निम्म्याहून अधिक काम साधले आहे. वीज सुरू होताच चिपमधील कायमस्वरूपी कोरलेला छोटा प्रोग्राम कार्डावरून बूटलोडरचा पहिला तुकडा उचलून चिपच्या आतल्या तुटपुंज्या मेमरीत ठेवतो. तो तुकडा बाहेरची डीडीआर मेमरी, म्हणजे यंत्राची मुख्य कामाची मेमरी, जागी करतो. मग पूर्ण बूटलोडर, बहुधा यू-बूट, त्या मेमरीत येतो, कर्नल आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कोठे आहे याचे वर्णन करणारी फाइल) तेथे आणून ठेवतो, ही ओळ छापतो आणि सूत्रे कर्नलच्या हाती देऊन स्वतः बाजूला होतो. म्हणजे तुमची वीज, घड्याळाचा स्फटिक, कार्ड आणि मेमरी ही सारी किमान काही वेळ तरी नीट चालली आहेत.

यानंतरच्या शांततेचे दोन अगदी वेगळे अर्थ संभवतात : कर्नल कोसळला आहे, किंवा कर्नल व्यवस्थित चालू आहे पण बोलायला त्याला तोंड नाही. दुसरी शक्यता नवख्यांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ अधिक आढळते. काही चिपवर सिरियल पोर्टाचे नाव ‘टीटीवाय-एस-झिरो’ असते, काहींवर ‘टीटीवाय-एएमए-झिरो’, तर काहींवर आणखी तिसरेच. बूटलोडरने कर्नलला दिलेल्या आज्ञेत चुकीचे नाव असेल तर कर्नल सगळे निरोप अस्तित्वात नसलेल्या दाराशी ठेवून येतो. म्हणून आणखी एक बोर्ड करून घेण्याआधी कर्नलच्या आज्ञेत ‘अर्लीकॉन’ हा पर्याय, गरज असल्यास सिरियल पोर्टाच्या पत्त्यासह, घालून पाहा. त्याचा आधार कर्नलमध्ये बांधलेला असेल तर नेहमीचा ड्रायव्हर (कर्नलमधला तो भाग हाताळणारा कोड) जागा होण्यापूर्वीचे निरोपही दिसू लागतात. चार महिन्यांचे कोडे या एका शब्दाने सुटले तर आनंदाआधी चीड येईल, हे मात्र सांगून ठेवतो.

निरोप दिसू लागले आणि तरीही गाडी अडली, तर एक ठोकताळा लक्षात ठेवा. दर वेळी नेमकी त्याच ठिकाणी अडत असेल तर दोष बहुधा वर्णनात किंवा सॉफ्टवेअरमध्ये असतो. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडत असेल तर संशय मेमरीवर आणि वीजपुरवठ्यावर घ्यावा. तयार बोर्डावर ५१२ मेगाबाइट मेमरी होती आणि तुमच्या बोर्डावर २५६ असेल, तर हा बदल बूटलोडरला आणि कर्नलला, दोघांनाही कळला आहे का, हे तपासा. आणखी एक फसवी अवस्था अशी की यंत्र बरेच पुढे जाते आणि मग अचानक मरते. कर्नल सुरू होताना शेवटी शेवटी, कोणी मागणी नोंदवली नाही अशी घड्याळे (भागांना ठोके देणारे संकेत) आणि वीजवाहिन्या काटकसर म्हणून बंद करून टाकतो. तुमच्या मेमरीला लागणारी वाहिनी डिव्हाइस ट्रीत ‘सदैव चालू’ अशी नोंदवलेली नसेल तर तो तिचाही बळी देतो.

या डिव्हाइस ट्रीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण एकट्या माणसाचा सर्वांत जास्त वेळ तिच्यात जातो. यूएसबीला जोडलेली वस्तू आपण कोण आहोत हे स्वतः सांगते. पण आय-टू-सी किंवा एसपीआय या, बोर्डावरच्या चिपांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या, वाहिन्यांवरच्या चिपा मुक्या असतात. कोणती चिप कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पिनेवर, कोणत्या विजेवर आहे, हे आपणच एका फाइलमध्ये लिहून कर्नलला द्यावे लागते. पूर्वी एआरएम जातीचा प्रोसेसर असलेल्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्येच वेगळा कोड भरला जात असे. त्या पसाऱ्यावर २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि त्यानंतर ते वर्णन डिव्हाइस ट्रीत हलवण्याला वेग आला. व्यवस्था म्हणून ती योग्यच आहे. वैताग एवढाच की तिच्यातल्या पुष्कळ चुका मुक्या असतात : एखाद्या गुणधर्माचे नाव लिहिताना एक अक्षर चुकले तर कर्नल तक्रार करीत नाही, तो गुणधर्म नाहीच असे समजून पुढे जातो. कर्नलच्या कोडबरोबर मिळणारी ‘डीटीबीएस-चेक’ ही तपासणी अशा चुका बऱ्याच अंशी पकडते. ती चालवल्याशिवाय बोर्डाला दोष देऊ नये. नोंदींमध्ये उणे ५१७ हा आकडा दिसला तर त्याचा अर्थ फक्त इतकाच की अमुक ड्रायव्हर दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत आहे. ज्याची वाट पाहिली जात आहे त्याला शोधा.

तुमच्या ज्ञानातील उणिवेबद्दल : मोठ्या कंपनीत बोर्ड आखणारा, बूटलोडर लिहिणारा, कर्नल सांभाळणारा आणि तपासणी करणारा ही चार वेगळी माणसे असतात आणि दोष दोन थरांच्या सीमेवर असला की ती एकमेकांशी भांडतात. तुम्हाला हे भांडण एकट्याने, दोन्ही बाजूंनी लढावे लागते, आणि म्हणूनच माझा आग्रह असा की जे थर तुमच्या यंत्राचे वैशिष्ट्य नाहीत त्यांची मालकी घेऊच नये. डीडीआर मेमरीच्या तारांच्या लांब्या जुळवणे हा त्यांतला पहिला थर. प्रोसेसर, मेमरी आणि वीजनियंत्रण आधीच जुळवून दिलेले मॉड्यूल घ्या, किंवा मेमरी पोटातच असलेली चिप घ्या. ऑलविनरच्या व्ही-थ्री-एस या चिपमध्ये ६४ मेगाबाइट मेमरी आतच असते आणि तिचे पाय कडेला असल्यामुळे साध्या सोल्डरिंगच्या साधनांनी ती हाताने बसवताही येते. पक्ष्यांचे आवाज टिपण्याशी डीडीआरच्या तारांचा काहीही संबंध नाही.

प्रश्न : माझ्या ध्वनियंत्रातील कोडेक चिप (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारी) आय-टू-सीवर बरोबर पत्त्यावर दिसते, ड्रायव्हरही लागतो, पण ध्वनिमुद्रणात फक्त शून्ये मिळतात. चिप खराब असेल का?

उत्तर : बहुधा नाही. पत्त्यावर हाक दिल्यावर ‘ओ’ देण्यासाठी त्या चिपला वीज पुरते. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्यासाठी मात्र अनेक कोडेकना एक वेगळे मुख्य घड्याळही लागते. सेकंदाला ४८,००० नमुन्यांसाठी ते सामान्यतः त्याच्या २५६ पट, म्हणजे १२.२८८ मेगाहर्ट्झ असते. ते त्या पिनेवर खरोखर पोहोचते का, हे ऑसिलोस्कोपवर पाहा. डेटाशीट किंवा कोड यांवर विश्वास ठेवू नका. घड्याळ येत असेल तर प्रोसेसर आणि कोडेक यांपैकी कोणी ठोका द्यायचा हे पाहा, कारण दोघेही एकमेकांच्या ठोक्याची वाट पाहत बसले आहेत असेही घडते. त्यानंतर ‘अल्सामिक्सर’ हा ध्वनीचे मार्ग आणि पातळ्या ठरवणारा प्रोग्राम उघडून मायक्रोफोनचा मार्ग बंद तर नाही ना, हे तपासा. ध्वनिव्यवस्था अपुऱ्या मार्गातील भागांची वीज आपणहून कापते, त्यामुळे एक छोटी कळ विसरली तरी सगळे थंड.

प्रश्न : चिप घेताना विक्रेत्याने ‘लिनक्सचा पूर्ण आधार’ असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात कर्नलच्या ४.९ आवृत्तीची एक संकुचित फाइल मिळाली. नवी आवृत्ती घातली की अर्धे भाग चालत नाहीत आणि विक्रेता पत्रांना उत्तर देत नाही. आता काय करावे?

उत्तर : कर्नल ४.९ ही आवृत्ती डिसेंबर २०१६ ची असून तिची दीर्घकालीन देखभाल जानेवारी २०२३ मध्ये संपली. ‘आधार’ या शब्दाचा विक्रेत्याच्या तोंडी अर्थ इतकाच असतो की एके काळी, एका बोर्डावर, एका माणसाने ते चालवून दाखवले होते. त्या फाइलमध्ये मूळ कर्नलवर हजारो ओळींचे बदल केलेले असतात. कोणता बदल का केला याचा इतिहास नसतो. आणि कर्नलच्या अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलत असल्यामुळे ते बदल उचलून नव्या आवृत्तीत ठेवणे हे जवळजवळ नव्याने लिहिण्यासारखेच असते. मोठा कारखाना हा खर्च पेलतो किंवा सरळ दुर्लक्ष करतो. एकट्याला दोन्ही जमत नाही.

माझा स्पष्ट सल्ला असा की तुमचे थोडेच बोर्ड झाले असतील तर चिप बदला. नवी चिप निवडताना प्रोसेसरचा वेग शेवटी पाहा. आधी मेनलाइन कर्नलमध्ये, म्हणजे तोरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेत, त्या चिपच्या डिव्हाइस ट्रीच्या फाइली आहेत का, अलीकडे कोणी त्यांना हात लावला आहे का आणि तुम्हाला लागणारा प्रत्येक भाग तेथे आहे का, हे पाहा. जो भाग तेथे नाही, तो चिपमध्ये नाहीच असे धरून चाला. विशेषतः झोपेच्या अवस्थेचा आधार अनेकदा अपुरा असतो आणि बॅटरीवरच्या यंत्राचे आयुष्य त्यावरच ठरते. दीर्घकालीन शाखांची देखभाल सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणण्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले होते, त्यामुळे आवृत्ती बदलणे हा आता नित्याचा भाग समजावा लागतो. चिप बदलणे शक्यच नसेल, तर तुम्हाला लागणारे एकदोन ड्रायव्हर तेवढे नव्या कर्नलसाठी नीट लिहून मुख्य शाखेकडे पाठवा. तेथील परीक्षक तुमचा पॅच, म्हणजे पाठवलेला बदल, तीनचारदा परत पाठवतील आणि ते अपमानास्पद वाटेल. पण एकदा तो स्वीकारला गेला की अंतर्गत रचना बदलणारा माणूस तुमचा ड्रायव्हरही बरोबर बदलून देतो.

प्रश्न : बॅटरी संपली की माझ्या यंत्रातील मेमरी कार्ड अधूनमधून बिघडते आणि पुन्हा सुरू केल्यावर तारीख १ जानेवारी १९७० दाखवते. उपाय सांगावा.

उत्तर : मूळ फाइल सिस्टिम, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या फाइलींचा विभाग, फक्त वाचनासाठी ठेवा आणि नोंदींसाठी वेगळा विभाग करा. बॅटरीचा दाब धोक्याच्या पातळीला येण्याआधीच लेखन थांबवून यंत्र स्वतःहून बंद झाले पाहिजे. ध्वनी साठवत असाल तर वेव्ह फाइलच्या मस्तकात तिची लांबी लिहिलेली असते आणि बरेच प्रोग्राम ती फाइल बंद करताना भरतात. मध्येच वीज गेली तर आवाज कार्डावर असूनही फाइल रिकामी दिसते. म्हणून रात्रभराची एक फाइल करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांच्या फाइली कराव्यात. तारखेसाठी छोट्या बॅटरीवर चालणारी स्वतंत्र घड्याळाची चिप हवी. ती नसेल आणि यंत्र इंटरनेटच्या जाळ्याशी जोडले जात असेल, तर १९७० सालात जागे झालेल्या यंत्राला सुरक्षा प्रमाणपत्रे अजून लागूच झालेली नाहीत असे वाटते आणि ते प्रत्येक सुरक्षित जोडणी नाकारते. ३२ बिटांच्या चिपवर १९ जानेवारी २०३८ चाही विचार आजच करा : १९७० पासूनचे सेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा त्या दिवशी भरून उलटतो. कर्नल ५.६ किंवा त्यापुढचा, आणि ६४ बिटांची वेळ वापरणारी सी लायब्ररी (प्रोग्रामांना लागणारा मूलभूत कोडसंग्रह) घेतल्यास तो प्रश्न उरत नाही.

प्रश्न : या साऱ्या पत्रव्यवहारात एक शंका विचारतो. एवढ्या लहान यंत्रांना लिनक्स हवेच कशाला?

उत्तर : हा प्रश्न पहिल्या पत्रलेखकाला मीच विचारायला हवा होता. एका मायक्रोफोनचे, १६ बिटांचे, सेकंदाला ४८,००० नमुने म्हणजे सेकंदाला ९६ किलोबाइट आणि तासाला सुमारे ३४६ मेगाबाइट. एवढे आकडे कार्डावर उतरवणे साध्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे लिनक्सविना चालणाऱ्या छोट्या चिपला, सहज जमते. ‘ऑडिओमॉथ’ हे वन्यजीवांचे आवाज टिपणारे उपकरण तसेच चालते. मायक्रोकंट्रोलर झोपेत काही मायक्रोवॉटवर राहतो आणि क्षणात जागा होतो, तर लिनक्सचा बोर्ड जागा असताना नुसता बसून राहण्यासाठीही बहुधा शेकडो मिलिवॉट घेतो. जाळ्याची जोडणी, यूएसबीच्या नाना वस्तू, मोठा पडदा किंवा आवाज ऐकून पक्षी ओळखण्याचे जड गणित यंत्रातच करायचे असेल, तर लिनक्सचा त्रास वसूल होतो. पहिल्या पत्रात यांपैकी कशाचाच उल्लेख नाही. तेव्हा त्यांनी ‘अर्लीकॉन’ जरूर लावून पाहावे, पण चौथा बोर्ड आखण्याआधी तो कोणत्या चिपभोवती आखायचा, हेही पुन्हा एकदा ठरवावे.